मशीन नंतर, सहाण आधी

‘कोणतं मशीन घेऊ?’ लाकडाचा नाद लागलेला माणूस साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हा प्रश्न घेऊन येतो. तोवर एखादा पाट जमलेला असतो. भिंतीवर एक फळी लागलेली असते, थोडी तिरकी, पण लागलेली. मोबाइलवर अमेरिकेतल्या गॅरेजांचे व्हिडिओ पाहून झालेले असतात. मग वाटायला लागतं की आपलं काम अडलंय ते मशीन नाही म्हणून. आखाडा बाळापूर काही मोठं गाव नाही. इथं हौसेनं लाकूडकाम करणारे बोटांवर मोजता येतील एवढेच. पण जे आहेत ते सगळे याच वळणावरून जातात. कळमनुरी, हदगाव, नांदेडहून फोनवर विचारणारेही तेच विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे आणि ते कुणालाच आवडत नाही. आधी धार लावायचा दगड घ्या.

‘‘पत्थर? इत्ते पैसे जमा करके पत्थर लेऊं क्या?’’ असं एका दोस्तानं तोंडावर विचारलं होतं. त्याची चीड मला समजते. दगड घरी आणला तर बघायला शेजारी येत नाहीत. मशीनचा खोका रिक्षातून उतरला की गल्लीतली पोरं गोळा होतात. हौसेत हाही भाग असतो आणि त्यात वाईट काही नाही. पण पैसे मोजकेच असतील, आणि आपल्याकडे ते मोजकेच असतात, तर कोणता रुपया आधी कुठं जावा याचा हिशेब करायलाच हवा.

दुकानातून आणलेल्या पटाशीला धार नसते. तिला फक्त आकार असतो. कारखान्यात ग्राइंडरवर उतार काढून, वर थोडं तेल लावून ती पाकिटात घातलेली असते. धार म्हणजे दोन गुळगुळीत पृष्ठभाग जिथं भेटतात ती रेघ. एक पृष्ठभाग उताराचा, साधारण २५ अंशांचा. त्याच्या टोकाला लाकूडकाम करणारे ३० अंशांची एक बारीक पट्टी आणखी काढतात, म्हणजे धार लवकर मोडत नाही. दुसरा पृष्ठभाग पटाशीची मागची सपाट बाजू, आणि नवखा माणूस हिच्याकडे कधीच बघत नाही. तिच्यावर ग्राइंडरचे ओरखडे तसेच ठेवले तर पुढून कितीही घासा, धार करवतीसारखी दातेरीच राहणार. मागची बाजू टोकाकडून निदान बोटभर तरी आरशासारखी झाली पाहिजे. हे काम आयुष्यात एकदाच करावं लागतं, पण त्यात एक अख्खी संध्याकाळ जाते.

सामान फार लागत नाही. खरबरीत आणि बारीक अशा दोन बाजूंचा दगड हार्डवेअरच्या दुकानात काही शे रुपयांत मिळतो. जाड काचेच्या तुकड्यावर पाण्याचा पॉलिशपेपर चिकटवला, आधी ४०० नंबर, मग १०००, मग २०००, तर त्या दगडाचीही गरज उरत नाही. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर दहा-वीस वेळा उलटी ओढ द्यायची. झालं. आता आंब्याच्या लाकडाच्या तुकड्याचं टोक, म्हणजे जिथं रेषा आडव्या कापल्या जातात ती बाजू, या पटाशीनं तासून बघा. बोथट पटाशी तिथं लाकडाचा चुरा करते. धारदार पटाशी पातळ पापुद्रा काढते आणि मागं उरलेलं लाकूड चमकतं. ज्यानं हे एकदा बघितलं त्याला पुढचं फार समजवावं लागत नाही.

बहुतेक हौशी लोकांनी खरी धारदार पटाशी आयुष्यात हातात धरलेली नसते, असं माझं मत झालंय. त्यामुळं ‘हातानं काम होत नाही’ हा त्यांचा अनुभव खराच असतो. फक्त त्यांनी जे वापरलं ते अवजार नव्हतं, लोखंडाची पट्टी होती. रंध्याचंही तसंच. रंध्याचं पातं बोथट असलं की तो लाकडावर उड्या मारतो. माणूस अंगातला सगळा जोर लावतो, घामाघूम होतो, आणि रात्री मोबाइलवर इलेक्ट्रिक रंध्याची किंमत बघतो.

बकरीदच्या आधीच्या आठवड्यात आपल्या मोहल्ल्यांतून धारवाला फिरतो. प्रत्येक घरातून सुऱ्या बाहेर येतात. यामागं नुसती सोय नाही, सांगणं आहे. सहीह मुस्लिममध्ये एक हदीस आहे. अल्लाहनं प्रत्येक गोष्टीत एहसान, म्हणजे काम उत्तम रीतीनं करणं, लिहून दिलंय, असा तिचा आशय. आणि त्याचं उदाहरण म्हणून सुरीला धार लावून घ्यायला सांगितलंय, जनावराला त्रास होऊ नये म्हणून. आपण त्यातली सुरी लक्षात ठेवली आणि ‘प्रत्येक गोष्टीत’ हे शब्द सोडून दिले. वर्षातून एक दिवस धारेला मान, उरलेले दिवस घरातली पटाशी रंगाचे डबे उघडायला. लाकडाला वेदना नसतात, हे मान्य. पण बोथट अवजाराला जोर लागतो, जोर लावला की हात घसरतो, आणि मग वेदना कुणाला होते ते सांगायला नको.

माझ्या म्हणण्याची कसोटी लावायची तर एक रेहाल करून बघा. वाचताना कुरआन ठेवायची ती घडीची तिवई. आता घरोघरी प्लॅस्टिकची आली आहे, मदरशांतूनही. लाकडाची खरी रेहाल एका फळीतून निघते. जोड नाही, खिळा नाही, गोंद नाही. साधारण एक इंच जाडीची फळी घ्यायची. मध्यापासून थोडं एका बाजूला बिजागरीची जागा आखायची, फळीच्या दोन्ही अंगांना. तिथं एकाआड एक दाते पाडायचे, एक या बाजूनं कोरलेला, शेजारचा त्या बाजूनं, आणि ते पटाशीनं गोल करत न्यायचे. मग फळी उभी धरून दोन्ही टोकांकडून तिची जाडी चिरत बिजागरीपर्यंत यायचं. सगळं बरोबर जुळलं असेल तर फळी हळूच कुरकुरते आणि उघडते. उघडल्यावर तिचे दोन भाग एकमेकांत अडकलेले असतात, वेगळे होत नाहीत. जुळलं नसेल तर दाता तुटतो आणि फळी चुलीत जाते.

यात मशीन कुठं येतं? फळी लांबीत चिरायला येईल, आणि ते काम वखारीतल्या सॉ मिलवर काही रुपयांत होतं. बिजागरीपाशी मात्र राऊटर, जिगसॉ, ग्राइंडर यांतलं कुणीच पोचत नाही. तिथं लागते एक बारीक पात्याची करवत, एक अर्ध्या इंचाची आणि एक पाव इंचाची पटाशी, आणि आखणी चुकू नये म्हणून खरा गुण्या. गुण्या दुकानातच तपासून घ्यावा. फळीच्या सरळ काठाला लावून रेघ मारायची, गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ मारायची. दोन्ही एकमेकींवर बसल्या नाहीत तर तो परत ठेवा, दुकानदार काही म्हणो. सहारनपूरची नक्षीदार लाकडी कामं देशभर जातात, त्यात रेहालीही असतात. त्या बघून ‘मशीनचं काम असेल’ म्हणणाऱ्यांनी बिजागरीच्या आतल्या कोपऱ्यात बघावं. तिथं पटाशीची खूण दिसते.

आता कटरकडे येतो, कारण या लेखामागचं माझं खरं कारण तेच आहे. फरशी कापायचा चार इंची मार्बल कटर तीन-चार हजारांत मिळतो. आपल्याकडचा हौशी माणूस पहिलं मशीन म्हणून बहुतेक वेळा हाच घेतो. त्याला लाकडाचं दातेरी पातं लावतो. व्हिडिओत बघून तो प्लायच्या तुकड्याखाली उलटा बसवतो आणि त्याला टेबल सॉ म्हणतो. त्यासाठी गार्ड काढून टाकावं लागतं, तेही काढतो. हे पातं मिनिटाला १३,००० च्या आसपास फिरतं. ११० मिलिमीटर व्यासाच्या पात्याच्या दातांचा वेग मग ताशी २७० किलोमीटर होतो. लाकडाची फट मिटून पातं आवळलं गेलं की हा वेग फळीला मिळतो आणि फळी तुमच्याकडे येते. फळीमागोमाग पुढं ढकलणारा हात पात्याकडे जातो. अँगल ग्राइंडरला लाकडाचं पातं लावणारे तर याहून पुढचे. ग्राइंडर बनवणाऱ्या कंपन्या असं करू नका म्हणून सूचनापत्रकात लिहितात, पण ते पत्रक खोक्यासोबत भंगारात गेलेलं असतं.

अमेरिकेत सगळी सोय असलेल्या वर्कशॉपमध्येसुद्धा टेबल सॉच्या पात्याला लागून दरवर्षी सुमारे ३०,००० लोकांना उपचार घ्यावे लागतात, असा तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाचा अंदाज आहे. १९९९ मध्ये तिथल्याच स्टीव्ह गॅस या पेटंट वकिलानं, जो स्वतः हौशी सुतार होता, पात्याला कातडीचा स्पर्श होताच पातं काही हजारांश सेकंदांत थांबवणारी युक्ती शोधली. ती ‘सॉस्टॉप’ नावानं विकली जाते. तिची किंमत आपल्या पत्र्याच्या शेडच्या किमतीहून जास्त असेल. म्हणजे जिथं हे यंत्र नीट बनवलेलं आहे, गार्ड आहे, तिथंही बोटं जातात. आणि आपण फरशीचा कटर उलटा टांगून त्याच्यासमोर बसतो, अंगात ढगळ बाह्यांचा कुर्ता, गळ्यात रुमाल. पोटासाठी हा धोका पत्करणाऱ्या कारागिराबद्दल मी बोलत नाही. त्याला दिवसाला चार दरवाजे द्यायचे असतात. आपल्याला कुणाला काय द्यायचं आहे? हौसेच्या कामाला मुदत नसते. हाच तर तिचा फायदा आहे, आणि मशीन घेऊन आपण पहिल्यांदा तोच गमावतो.

वेळेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. माझ्यासारख्यांचा लाकडाचा वेळ इशाच्या नमाजनंतरचा. शेजारी भिंतीला भिंत लागून घर, तिकडं लहान मूल झोपलेलं. इलेक्ट्रिक रंध्याचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो. रात्री साडेनऊला तो किती दिवस चालेल? हातरंधा मात्र अकरापर्यंत चालवला तरी कुणी दार वाजवत नाही. वीज गेली तर बॅटरीच्या उजेडातही काम चालतं. शिवाय हातरंध्यातून निघतात त्या लांब सुरळ्या. त्या कोंबड्यांखाली अंथरायला, चूल पेटवायला कामी येतात. मशीनमधून निघते ती पिठासारखी धूळ, आणि ती छातीत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला कर्करोगाच्या पक्क्या कारणांच्या यादीत टाकलं, मुख्यतः नाक आणि नाकाभोवतीच्या पोकळ्यांच्या कर्करोगासाठी. ही धूळ खेचून घेणारं यंत्र आणि चांगला मास्क यांचा खर्च ‘कोणतं मशीन घेऊ’ विचारणाऱ्यानं कधीच धरलेला नसतो.

मशीनविरोधी म्हणून माझ्यावर शिक्का मारण्याआधी थोडं थांबा. ड्रिल घ्याच. गिरमिटानं बाभळीत भोक पाडून बघितलेला माणूस ड्रिलला नावं ठेवणार नाही. मनगटं दुखणाऱ्यानं, साठी ओलांडलेल्यानं जिगसॉ घ्यावी, सँडर घ्यावा. आणि ज्यांचं पोट प्लाय आणि लॅमिनेटवर आहे त्यांना तर मशीनवाचून इलाज नाही. प्लायमधला गोंद साध्या पोलादाची धार पंधरा मिनिटांत खातो, तिथं कार्बाइडचं पातंच हवं. मी बोलतोय ते हौसेखातर सबंध लाकडात काम करणाऱ्यांबद्दल आणि त्यांच्या खरेदीच्या क्रमाबद्दल. दगड, मग एक चांगला लोखंडी रंधा, मग काम घट्ट धरून ठेवणारं काहीतरी. हे तिसरं सगळ्यात दुर्लक्षित.

जुने मिस्त्री जमिनीवर बसून, फळी पायांनी दाबून काम करत. त्यांच्या काही करवती ओढताना कापणाऱ्या असत, बसल्या जागेला ते सोयीचं. आज ऑनलाइन जपानी करवत म्हणून जी महाग विकली जाते तीही ओढतानाच कापते. आपल्या घरी माळ्यावर गंजत पडलेल्या आजोबांच्या करवतीचे दात कुठल्या बाजूला झुकलेत ते बघा आधी. पण खुर्चीत बसून वाढलेल्या आपल्या पिढीचे गुडघे ती बैठक धरत नाहीत. आपल्याला उभ्यानं काम करायचं टेबल लागतं, आणि ते जड हवं. हलणाऱ्या टेबलावर जगातला सर्वांत महाग रंधाही चालत नाही. उंची हात खाली सोडल्यावर मनगटाला लागेल एवढी. वर दोन मजबूत क्लॅम्प. हे टेबल विकत घेऊ नका, कारण त्याचं लाकूड आपल्याभोवती पडलेलं आहे.

मराठवाड्यातली माळवदं पडताहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर दगड-मातीच्या घरांची जी धास्ती बसली ती पुरती कधी गेलीच नाही. आणि २०२४ मध्ये आपल्या कळमनुरी तालुक्यातच २१ मार्चला आणि पुन्हा १० जुलैला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. पत्र्यांवर ठेवलेले दगड काढा म्हणून प्रशासनाला सांगावं लागलं. ज्यांना जमेल ते माळवद उतरवून स्लॅब टाकताहेत, आणि ते योग्यच आहे. जीव आधी. पण त्या घरांतले सागवानी खांब, तुळया, कडीपाट यांचं काय होतं? चांगलं नक्षीकाम असेल तर शहरातला व्यापारी घेऊन जातो. बाकीचं सरपण. आपला भाग हळदीचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये शिवारात हळद शिजवायच्या भट्ट्या लागतात, त्यांना लाकूड लागतंच. पन्नास-पाऊणशे वर्षं वाळलेलं, पुन्हा वाकणार नाही, चिरणार नाही असं सागवान त्या भट्टीत जाताना मी पाहिलं आहे. आज किनवटकडचं नवं सागवान घ्यायला गेलात तर घनफुटाचा भाव ऐकून परत याल.

हे जुनं लाकूड हौशी माणसाची खरी दौलत आहे, आणि नेमकं इथंच मशीन अडतं. त्यात खिळे असतात. लोहारानं घडवलेले, डोकं तुटलेले, वरून न दिसणारे. इलेक्ट्रिक रंध्याचं पातं अशा एका खिळ्यावर गेलं की संपलं. कटरच्या पात्याचा कार्बाइडचा दात तुटून उडाला तर डोळ्यावर जातो. हातरंधा खिळ्यावर गेला तर नुसता ‘कट्’ असा आवाज येतो, पात्याला दाता पडतो, आणि तुम्ही ते दगडावर अर्धा तास घासता. दगड असेल तर. स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक दोऱ्याला बांधून लाकडावरून फिरवलं तर बरेचसे खिळे आधीच सापडतात. मग ते पक्कडीनं उपटायचे आणि एका डब्यात ठेवायचे. ठेवायचे कशाला, ते विचारू नका. माझ्याकडे दोन डबे भरलेत.

धारेपासून लाकडाकडे असाही एक रस्ता आपल्या महाराष्ट्रातच जातो. मिरजेचे सतार-तंबोरे करणारे कारागीर मूळचे शिकलगार. तलवारी, भाल्यांना धार लावणं हा त्या मुस्लिम घराण्यांचा पेशा. संस्थानी फौजा गेल्या, हत्यारांचं काम आटलं, आणि दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी फरीदसाहेबांसारख्या शिकलगारांनी भोपळा आणि लाकूड हाती घेतलं. पुढं त्या घराण्यांचं आडनावच सतारमेकर झालं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गाण्याचा कान त्यांनी नंतर कमावला असेल, धार मात्र त्यांच्याकडे आधीपासून होती. आजही तिथलं पुष्कळ काम हातानंच होतं.

आपल्याकडे शिकलगार नाहीत, पण मिस्त्री आहेत. वखर, तिफण, कोळपं करणारे, बाभळीची फळी बघून ती कुठं फुटेल ते सांगणारे. ट्रॅक्टर आला तशी लाकडी अवजारं गेली. मुलं पुण्याला फर्निचरच्या ठेक्यावर गेली. हे मिस्त्री आता ओट्यावर बसलेले दिसतात. त्यांच्या पटाश्या लोहारानं ट्रकच्या कमानपाट्यातून घडवलेल्या. त्या पोलादाला जी धार येते ती बाजारातल्या चकचकीत सेटला येत नाही. त्या पटाश्या किलोवर भंगारात जातात. एका भंगारवाल्याकडून मी अशा चार घेतल्या, चहा-नाश्त्याच्या पैशांत. ही माझ्या शेडमधली सर्वांत मोठी ‘अपग्रेड’.

धार लावायला शिकायचं तर या माणसांकडे जावं. व्हिडिओत कोन दिसतो, पण हातावर पडणारा दाब दिसत नाही. त्यांना पैसे द्यावेत, न मागता. मशीनसाठी साठवलेल्या रकमेतले हजार-दीड हजार तिकडं गेले तर ते वाया गेलेले नाहीत. मदिनेतल्या मशिदीचा पहिला मिंबर, तीन पायऱ्यांचा, एका अन्सारी बाईंच्या सुतारकाम जाणणाऱ्या गुलामाकडून करून घेतला गेला, झाऊच्या लाकडाचा. हजरत जकरिया सुतार होते, असं हदीसमध्येच येतं. हे सगळं आपल्याला तोंडपाठ असतं, आणि तरी मुलगा सुतारकाम शिकतो म्हटलं की घरात सुतक पडतं. जुम्म्याच्या बयानात मेहनतीच्या कमाईची तारीफ ऐकून बाहेर आलेला माणूस मिस्त्रीशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो. जातीवरून सुतारकीला कमी लेखण्याचा जो रोग आपण ‘त्यांच्यात’ आहे म्हणतो, तो आपल्यात नाही असं कुणी छातीवर हात ठेवून सांगावं.

या मिस्त्र्यांच्या उपयोगाची एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. १७ सप्टेंबर २०२३ ला, म्हणजे आपल्या मुक्तिसंग्राम दिनालाच, केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. १८ पेशे त्यात आहेत, सुतारकी त्यातलीच. ती पेशावर आहे, जातीवर नाही, म्हणून नाव बघून ‘ही आपल्यासाठी नाही’ असं समजून घरी बसलेल्या मुस्लिम मिस्त्र्यांनाही तिचा हक्क आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० पर्यंतचं व्हाउचर, पुढं ५ टक्के व्याजानं आधी १ लाख आणि मग २ लाखांपर्यंत कर्ज. कुटुंबातल्या एकालाच मिळते, सरकारी नोकराच्या घरात मिळत नाही. नोंदणी सेवा केंद्रावर होते, पडताळणी ग्रामपंचायतीपासून सुरू होते. म्हाताऱ्या मिस्त्र्याला ओटीपी आणि अंगठ्याच्या ठशांचं जमत नाही. वर्षानुवर्षं करवत धरून त्या अंगठ्याच्या रेषाच पुसल्या गेलेल्या असतात, मशीन ठसा घेत नाही. तिथं आपण सोबत जावं. त्यांनी धार शिकवावी, आपण फॉर्म भरावा, एवढा सौदा जमण्यासारखा आहे.

व्हाउचर मिळालं तर मिस्त्रीनं काय घ्यावं हे मी सांगणार नाही, ते त्याला माझ्याहून चांगलं कळतं. त्यानं कटर घेतला तर तो त्याच्या धंद्याचा हिशेब आहे.

पावसाळा तोंडावर आहे, तेव्हा एक व्यवहाराची गोष्ट. अवजारांना गंज लागू नये म्हणून खोबरेल तेलाचा हात फिरवा. जवसाचं तेल अवजाराला लावू नका, ते वाळून चिकट होतं. तेच जवसाचं तेल लाकडाला मात्र सुंदर बसतं, आणि आपल्या भागात घाण्यावर मिळतं. पातळ हात द्यायचा, रात्रभर मुरू द्यायचं, दुसऱ्या दिवशी कोरड्या कापडानं पुसायचं, असं तीन-चारदा. तेलानं भिजलेली फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडक्यांचा गोळा आपोआप पेट घेऊ शकतो. दोरीवर मोकळी वाळत घाला, मग फेका.

आणि ज्यांनी कटर आधीच घेऊन उलटा टांगला आहे, त्यांनी हा लेख पटो न पटो, त्याचं काढून ठेवलेलं गार्ड शोधून आज परत बसवावं. ते बहुतेक खोक्यातच असेल.